राखणीची लोकर

वैशाख अर्धा सरला तसे समोरचे डोंगर दिसेनासे झाले. आधी बर्फाची शिखरं गेली, मग त्यांच्यापुढची निळी रांग, मग नदीपलीकडची गावं. आणि अखेर काफळखोल्याच्या लोकांना स्वतःच्या शेतांच्या पायऱ्या तेवढ्या उरल्या. धूर कुठून येतो हे विचारणं केव्हाच सुटलं होतं. तो सगळीकडून येई. चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांखाली वाळक्या सुयांचा थर घोट्याएवढा साचला होता. त्यावरून माणसाचा पाय घसरे, गाय घसरे, आणि ठिणगी पडली तर आगही तशीच घसरत पळे. ताटातल्या भातावर राखेचे काळे तंतू येऊन पडत. बायका ते नखानं उचलून टाकत आणि जेवत राहत.

गावाच्या डोक्यावर बांजाचं, म्हणजे पहाडी ओकाचं, रान होतं. चिडासारखं कोरडं, उतावळं झाड नव्हे ते. त्याच्या मुळांशी बारमाही ओल असे आणि त्या ओलीतून गावाचा नौला भरे. दगडी छपराखालच्या त्या हौदावर नऊ घरं आणि त्यांची गुरं जगत होती. रान गेलं तर नौला जाणार, नौला गेला तर गाव जाणार, हे तिथल्या लहान मुलालाही कुणी सांगावं लागत नसे. म्हणून चैत्रापासून पावसापर्यंत डोंगराच्या धारेवर दिवसभर राखण असे. पुरुष बहुतेक मेंढ्यांमागे वरच्या कुरणांत नाहीतर खाली शहरांत, राखण बायकांची. तिमुराची एक गाठाळ काठी घराघरानं फिरे. ज्या दाराला ती टेकलेली असेल त्या घरच्या बाईनं उजाडताच वर जायचं, आणि सांजेला उतरताना काठी पुढच्या दाराला टेकवायची. बरोबर पाण्याचं डबडं, मडव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, दोन रोट्या आणि कंबरेला लोकरीची पिशवी. धारेवर बाई टकळीवाचून बसलेली कुणी पाहिली नव्हती.

धनुलीला त्या पाळीची ओढ वाटे, हे ती कुणाला सांगत नसे. गेल्या वर्षीपासून तिच्या छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं. धुराचा वास आला की ते फडफडायला लागे. पीठ मळताना, गोठा काढताना, कधी अगदी हसता हसता. तिचा नवरा हयातसिंग जंगलखात्याकडे उन्हाळ्यापुरता वणवे विझवायच्या कामाला जाई. गेल्या वर्षी तो परतला तेव्हा पायातले बाजारचे मोजे वितळून कातडीला चिकटले होते. त्याची आई रुकमा हिनं तेलाचं बोट लावून ते तसूतसूनं सोडवले. हयात ओरडला नाही. छताकडे बघत तो नुसता हसत राहिला, आणि त्या हसण्याचीच धनुलीला भीती बसली.

टकळी हातात आली की ती फडफड बसे. डाव्या हातातल्या पेळूतून बोटभर लोकर सुटायची, उजव्या हाताच्या एका गिरकीनं टकळी खाली झुलायची, आणि लोकरीला पीळ चढत चढत धागा लांबायचा. श्वासही त्या धाग्याबरोबर लांबायचा. तिला वाटे, सगळा धूर कुणीतरी असाच पेळूसारखा हातात धरला आणि कातून संपवला तर किती बरं होईल.

यंदा तिनं ठरवलं होतं की हयातच्या पायात पुन्हा बाजारचे मोजे जाऊ द्यायचे नाहीत. लोकर पेटत नाही. काळी पडते, कुबट वास देते आणि विझते. घरच्या मेंढीची जाड लोकर तिनं रिठ्यानं धुतली, पिंजली, दुहेरी कातली आणि छत्रीच्या काड्यांच्या सुयांवर मोजे घातले. उजवा झाला. डावा घोट्यापर्यंत आला. आणि सोमवारी हयातला जायचं होतं.

शुक्रवारी सांजेला काठी तिच्या दाराला टेकली, आणि शनिवारी उजाडताच ती निघाली.

"मोजा ठेव घरी," रुकमा चुलीपाशी बसून म्हणाली. "तो कुठं पळून जात नाही."

"ज्यू, वर घेऊनच जात नाहीये मी," धनुली म्हणाली. सासूला तिकडे ज्यू म्हणतात. आणि तिनं मोजा पिशवीत लोकरीच्या तळाशी दाबला.

दुपारपर्यंत तिनं टकळीच फिरवली. खाली नऊ घरांची पाटीच्या दगडांची छपरं, मागे उतारावर चिडाचं जंगल आणि दोहोंच्या मधे, ती बसली होती त्या धारेला खेटून, बांजाचं रान. सगळं शांत होतं. रोटी खाऊन झाल्यावर तिनं मोजा बाहेर काढला. फक्त टाच वळवायची होती. टाच वळवणं म्हणजे अर्धे टाके बाजूला ठेवून उरलेल्यांवर मागेपुढे जायचं, दर फेरीला एकेक टाका सोडत, आणि मग सोडलेले एकेक उचलत. मधे मोजणी चुकली तर टाचेला भोक पडतं. बारा, अकरा, दहा. तिची मान खाली गेली. सुया एकमेकींवर टिकटिकत होत्या. छातीत कसलीही फडफड नव्हती. नऊ, आठ. इतकं शांत तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मग चढता क्रम: नऊ, दहा, अकरा. बारावा टाका उचलून तिनं मान वर केली, तेव्हा चिडाच्या उतारावर धुराचा जाडजूड खांब उभा होता आणि त्याच्या बुडाशी नारंगी रेघ वर सरकत होती.

तिची हाक ऐकून गाव धावलं. हातात हिरव्या फांद्या, दाताळी, ओली पोती. धनुलीनं फांदी इतक्या जोरानं हाणली की तिच्या हातात नुसता दांडा राहिला. बायका एकमेकींना नावं घेऊन हाका मारत होत्या, खोकत होत्या, पदर ओले करून तोंडाला बांधत होत्या. देवकी, जी शेजारच्याच घरातली आणि धनुलीच्याच वयाची, तिची वेणी टोकाला पेटली तेव्हा ती शिव्या देत हसली आणि मुठीत धरून तिनं ती विझवली. सूर्य लाल ताटलीसारखा धुरात बुडला तेव्हा आग अडली. पण ती बांजात शिरून अडली होती. चिडाच्या बाजूची अकरा झाडं बुंध्यापासून काळी पडली होती.

नौल्यावर सगळ्या तोंड धुवायला जमल्या. पाण्यात काजळी तरंगत होती. हिरुली काखी, म्हणजे सगळ्यांची काकी, पायरीवर बसली. वनपंचायतीची ती प्रमुख; पन्नाशीची, आवाज असा की त्यानं सुटलेला बैलही थांबावा.

"धनुली, मी ओरडायला नाही बसले," ती ओरडून म्हणाली. "एकच विचारते. अशी आग काही टाळी वाजवल्यासारखी येत नाही. पहिला धूर निघून ती इथवर चढायला अर्धा तास तरी गेला. तेव्हा तुझे डोळे कुठं होते?"

धनुलीच्या ओठांवर राख होती. मोजा पिशवीत होता, टाच वळवून झालेला. अकरा झाडं आणि एक टाच. गावाच्या राखणीला बसून आपण आपल्या नवऱ्याचा मोजा विणत होतो, हे शब्द तिच्या गळ्याशी येऊन परत गेले.

"हातात लोकर होती, काखी," ती म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा नकळत आपापल्या कंबरेला गेल्या, जिथं टकळ्या खोचलेल्या होत्या.

"लोकर!" हिरुली काखीनं मांडीवर थाप मारली. "म्हणजे इकडे टकळी फिरत होती आणि तिकडे वणवा चढत होता. बास. आजपासून धारेवर कुणाची लोकर जायची नाही. डोळे उघडे आणि हात रिकामे."

"अगं काखी, दिवसभर रिकामे हात म्हणजे..." देवकी म्हणाली.

"जपमाळ ओढ. आणि धनुली, तुझ्या दारावरून काठी या साली पुढं जाईल. वाईट वाटून घेऊ नको. मला बांज राखायचा आहे, तुझं मन नंतर राखीन."

टकळी नव्हती, सुया होत्या, असं तेव्हा म्हणता आलं असतं. धनुली खाली बघत राहिली. रुकमा जराशी लांब उभी राहून घागर विसळत होती. तिनं सुनेकडे एकदा पाहिलं आणि घागर पुन्हा विसळली.

सोमवारी हयात निघाला. त्यानं दोन्ही मोजे घातले, उभा राहिला, वाकून डावा पाय निरखला.

"ही टाच घोट्याच्या बाजूला का गेलीय? चालताना पाय उजवीकडे निघाला तर मी अल्मोड्याला पोचेन."

"काढा. मी उसवते."

"राहू दे गं. ऊबदार आहे. आगीत ऊबदार मोजे, माझ्यासारखा शहाणा मीच." बूट बांधताना तो हळूच म्हणाला, "देवकीच्या नवऱ्यानं सांगितलं मला. एखादं वेळेस होतं असं."

तो वळणाआड गेल्यावरही त्याचा खोकला बराच वेळ ऐकू येत राहिला. मग तोही धुरानं घेतला.

त्यानंतरचे दिवस गावाला जड गेले. धारेवरची बाई रिकाम्या हातांनी बसे, आणि रिकामे हात डोळ्यांना स्वस्थ बसू देत नसत. दुसऱ्याच दिवशी पहिली हाक आली. सगळ्या फांद्या घेऊन धावल्या, तर नदीपलीकडे रस्त्याच्या कामाची धूळ उडत होती. मग शाळेच्या चुलीचा धूर निघाला. मग नुसताच ढग. चौथ्या वेळी धावताना देवकीचा पाय दगडात मुरगळला आणि ती लंगडत, वर पाहून ओरडली, "अगं, आग नसली तर निदान एखादी लाव तरी! एवढं धावलो ते फुकट!" पाचवी हाक खुद्द हिरुली काखीची होती, आणि धुरळा तिच्याच दिराच्या शेळ्यांचा निघाला. त्या दिवशी काखी कुणाशी बोलली नाही. बायकांच्या टाचा फुटल्या, भाकऱ्या करपल्या, गुरं दोन दोन वेळा उपाशी राहिली. पाचव्या हाकेला नऊ घरांतून पाचच बाया आल्या होत्या, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं आणि कुणी त्याचा उच्चार केला नाही.

आठव्या दिवशी, म्हणजे रविवारी, देवकीची पाळी होती. सांजेला ती काठी टेकत, लंगडत धनुलीच्या अंगणातून आली. तिथूनच वाट होती. धनुली उंबऱ्यात डाळ निवडत होती. देवकी थांबली, काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पाय कसा आहे?" धनुलीनं विचारलं.

"आहे पायाच्या जागी." देवकीनं पुढच्या घराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "रागावलीस?"

"नाही गं. जा. अंधार पडतोय."

काठीचा टकटक आवाज दाराशी आला, आणि पुढे गेला. तिच्या अंगणाच्या फरशीवर नौल्यावरून आलेल्या काठीच्या टोकाचे ओले ठिपके उमटले होते, सात ठिपके. ते वाळेपर्यंत धनुली तिथंच बसून राहिली. सुपातली डाळ तिनं तीनदा निवडली होती.

आणि तिला घरीही कातता येईना. पेळू हातात घेतला की आठ टाके, नऊ टाके असं काहीतरी कानात सुरू होई आणि अकरा काळे बुंधे एकेक करून डोळ्यांपुढे येत. धागा नको तितका पिळला जाई, मग गाठी मारत स्वतःभोवतीच वेटोळे घेई. रात्री ती उठून दार उघडे, वास घेई, दार लावी. छातीतली फडफड आता धुराची वाट बघत नव्हती.

मंगळवारी दुपारी रस्त्यावरच्या जीपवाल्या लछमणदानं खालूनच आरोळी ठोकली. तो रस्ता सोडून वर येण्याचे कष्ट कधी घेत नसे. निरोप सगळ्या गावाला ऐकू जाई.

"ए हयातची बायको! निरोप आहे गं! परवा मोठ्या आगीत सापडले होते सगळे. बूट जळाले त्याचे! खालून तळवे गेले बुटांचे!"

धनुली तांब्या हातात घेऊनच अंगणाच्या कडेला धावली.

"पाय शाबूत आहेत!" लछमणदा ओरडला. "मोजे काळे झालेत नुसते! तो म्हणतो, डाव्याची टाच अजून बाजूलाच आहे, पण दोन्ही पायांना आता मी रोज नमस्कार करतो!"

खालच्या घरांतून हसू उठलं. देवकीनं आपल्या गच्चीवरून टाळ्या वाजवल्या. हिरुली काखीसुद्धा बाहेर येऊन म्हणाली, "चला, एक तरी बातमी ओली आली." सगळ्या आनंदल्या होत्या, मुरगळलेल्या पायांनी, फुटलेल्या टाचांनी, मनापासून. आणि तो आनंद धनुलीला सोसवेना. त्याचे पाय वाचले होते. त्या पायांची किंमत ह्या बायका धावून धावून मोजत होत्या, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

संध्याकाळी ती अंगणात सासूसमोर लोकर पिंजायला बसली. बराच वेळ दोघींच्या हातांतल्या दातेरी फळ्या एकमेकींवर घासत राहिल्या.

"ज्यू, त्या दिवशी माझ्या हातात टकळी नव्हती."

"ठाऊक आहे," रुकमा म्हणाली. "सकाळी गेलीस तेव्हा मोज्याला टाच नव्हती. परत आलीस तेव्हा होती. वाटेत उगवली काय?"

धनुलीच्या हातातली फळी थांबली. "मग बोलला का नाहीत तुम्ही?"

"मी बोलले असते तर सासूनं सून उघडी पाडली असं झालं असतं. तू बोलावंस म्हणून तर दहा दिवस घागर विसळतेय." म्हातारीनं फळीवरची लोकर अलगद सोडवून तिचा पेळू वळला. "माझ्याच लेकाचे पाय वाचले गं त्यात. मला का रडू येत नाही वाटतं? पण मला नको सांगूस. मी काय, माफ करूनच बसलेय. नौल्यावर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी नौल्यावर गर्दी होती. पाणी एक वीत उतरलं होतं, त्यामुळे घागर भरायला वेळ लागे. धनुली सगळ्यांत खालच्या पायरीवर उभी राहिली. तिनं दोनदा घसा खाकरला, तेव्हा पुष्पाला वाटलं तिला धुराचा त्रास होतोय आणि तिनं ओंजळभर पाणी पुढं केलं.

"मी टकळी फिरवत नव्हते," धनुली म्हणाली. "आग लागली त्या दिवशी. मी मोजा विणत होते. ह्यांचा. टाच वळवत होते, म्हणून मान खाली होती. काखीनं विचारलं तेव्हा मी नुसतं लोकर म्हटलं. तुम्ही टकळी समजलात, आणि मी समजू दिलं."

पुष्पाच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं.

"म्हणजे," हिरुली काखी सावकाश म्हणाली, "मी आख्खा दिवस धारेवर हात मांडीवर घेऊन माकडिणीसारखी बसले, ते उगाच?"

"आणि शेळ्यांना आग म्हणालीस, तेही," देवकी म्हणाली.

"तू गप. तुझा पाय बरा झालाय वाटतं." काखीच्या चेहऱ्यावर राग होता, पण तो कुठं ठेवावा हे तिला कळत नसावं. "धनुली, गावाच्या राखणीला बसून घरचं काम करायचं नसतं, हे तुला मी शिकवायचं?"

"नाही, काखी."

"काततो आपण तेही घरचंच की," पुष्पा पुटपुटली.

"त्यात आणि ह्यात फरक आहे," असं म्हणत रुकमा मागून पुढं आली. तिनं कंबरेची टकळी काढली, गिरकी दिली आणि धागा ओढता ओढता, हातांकडे ढुंकूनही न पाहता, नौल्याच्या पायऱ्या चढायला लागली. "खालच्या वाटेनं पुष्पाचा सासरा येतोय. विडी विझलीय त्याची, तरी चोखतोय. देवकीच्या गच्चीवर मांजर वाळवणात बसलंय. हिरुली, तू कुर्ता उलटा घातलायस." सगळ्यांनी वळून पाहिलं. सासरा येत होता. मांजर बसलं होतं. काखीनं आपल्या कुर्त्याची शिवण चाचपली आणि ओढणी पुढं घेतली. रुकमा धागा गुंडाळून परत खाली आली. "टकळीला हात पुरतात. डोळे तिला नकोच असतात, ते मोकळे राहतात, आणि मन जागेवर राहतं. सुया डोळे खातात. आमच्या माणसांनी मेंढ्या राखल्या त्या कशा? टकळी फिरवतच ना? विणताना राखलेली मेंढी मी नाही पाहिली. आपण चुकीची वस्तू घरी ठेवली, म्हणून दहा दिवस ढगांमागे धावतोय."

हिरुली काखीनं आपली घागर उचलली.

"टकळी वर जाईल," ती म्हणाली. "सुया घरी." आणि दोन पायऱ्या चढून, पाठमोरीच, "काठीचं मी बघते."

दोन दिवस काठीचं काही झालं नाही. धनुलीनं वाट पाहायची नाही असं ठरवलं होतं, आणि काठीचा आवाज कानावर येताच तिचे हात थांबत. तिसऱ्या सांजेला हिरुली काखी स्वतः पाळीवरून उतरली आणि क्रमात नसलेल्या धनुलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या टकळीवर जाडसर धाग्याचं बोंड भरलं होतं.

"पुष्पाची पाळी आहे खरं तर. पण तुझी एक राहिलीय, ती आधी भर." तिनं काठी चौकटीला टेकवली. "पाणी जास्त ने. वर वारा वाईट आहे."

"काखी, मला भीती वाटते."

"वाटू दे. बिनभीतीची बाई वर पाठवून आम्ही काय करू?" असं म्हणून ती गेली.

सकाळी धारेवर बसल्यावर धनुलीचा धागा पाच वेळा तुटला. सहाव्यांदा तिनं टकळी मांडीवर ठेवली, नुसतं खाली पाहिलं. काळे पडलेले अकरा बांज समोरच होते. त्यांच्यातल्या एकाच्या बुंध्याशी, जळक्या सालीतून, नखाएवढी तांबूस पालवी फुटली होती. बाकीच्या दहांवर काही नव्हतं. तिनं ते दहाही नीट पाहून घेतले. मग टकळीला गिरकी दिली. या वेळी धागा आला. बारीक नाही, सुरेख नाही, पण आला. छातीतली फडफड थांबली नाही, मात्र टकळीच्या लयीत आली, आणि तिच्यासकट कातता येतं हे धनुलीला पहिल्यांदाच कळलं. तिचे डोळे उतारावरून फिरत राहिले: डावीकडचा ओहोळ, मधला कडा, रस्त्याचं वळण, पुन्हा ओहोळ.

दुपार कलताना वळणाच्या खाली, दोन चिडांच्या मधे, हवा जराशी निळी झाली.

तिचे हात फिरतच होते. ती निळाई धुराची होती की धुरळ्याची? कुणी मेंढपाळानं चहा टाकला असेल? ती विरली. पुन्हा आली. आधीच्या पाच हाका तिच्या डोळ्यांपुढून गेल्या, देवकीचा पाय, करपलेल्या भाकऱ्या. ही सहावी खोटी निघाली तर सातवीला कुणी उंबरा ओलांडणार नाही. आणि तिच्या तोंडची खोटी निघाली तर तिला गावात मान वर करायला जागा उरणार नाही. थोडं थांबलं तर खात्री होईल. थोडं थांबलं की आग ओहोळ ओलांडेल. त्या निळ्या ठिपक्याच्या बुडाशी तिला पिवळं काहीच दिसत नव्हतं.

तिनं उभं राहून दोन्ही हात तोंडाशी नेले.

"होऽऽऽ! वळणाखाली! ओहोळाच्या डाव्या अंगाला!"

हाक खाली गेली. छपरं तशीच राहिली. एक कावळा उडाला. तेवढ्या वेळात धनुलीनं मनाशी ठरवलं की कुणी नाही आलं तर एकटीनं जायचं.

मग हिरुली काखीच्या घरातून तो बैल थांबवणारा आवाज उठला, "होऽऽ!" लागोपाठ पुष्पाच्या घरातून. मग देवकीचा, हसल्यासारखा, लांबलेला. मग एकात एक मिसळलेले इतके, की कुठला कुणाचा ते कळेना. आणि सगळ्यांच्या शेवटी रुकमाचा, चिरका, म्हातारा, उतारावर अर्ध्यातच धाप लागून तुटलेला.

आग होती. नऊ घरांच्या बायका पोचल्या तेव्हा ती एका घोंगडीएवढ्या जमिनीवर पसरली होती, आणि चिडाच्या सुयांत आपली जीभ कुठं घालावी याचा अजून विचार करत होती. दाताळ्यांनी तिच्याभोवतीचा पाचोळा ओढून काढला, फांद्यांनी ती थोपटून थोपटून निजवली, आणि वर सगळ्यांच्या डबड्यांतलं पाणी ओतलं. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ गेला असेल.

"एवढीशी!" देवकी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "एवढ्याशा आगीसाठी मी मुरगळलेला पाय घेऊन आले? माझ्या चुलीत याहून मोठी असते."

"तुझ्या चुलीतली विझवायला तर आख्खं गाव बोलवावं लागतं," पुष्पा म्हणाली.

"धनुली," हिरुली काखी राखेत पाय रगडत म्हणाली, "पुढच्या वेळी जरा मोठी होऊ देत जा. हात तरी गरम होतील."

सगळ्या हसल्या. धनुलीलाही हसू आलं, आणि हसता हसता ती तिथंच खाली बसली. पुष्पानं तिच्या पाठीवरची सुकलेली पानं झटकली. देवकीनं आपल्या तोंडातला गुळाचा खडा दातानं तोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. रुकमा एव्हाना कशीबशी पोचली होती. तिनं त्या काळ्या चौकोनाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि "मला वाटलं काय नि काय," एवढंच म्हणून परत फिरली.

राख थंड झाल्याची काखीनं हात घालून खात्री केली. मग फांद्या खांद्यावर टाकून एकेक जण उताराला लागली. मुलं शाळेतून यायची होती, गुरं सोडायची होती. कुणाच्या तरी घरी दूध उतू गेलं असणार यावरून त्यांचं भांडण जुंपलं होतं आणि ते वळणापर्यंत ऐकू येत होतं. सूर्य अजून दोन हात वर होता. धनुली उठली, धारेवर चढून आपल्या दगडापाशी आली आणि तिनं खाली पाहिलं. वाटेवरून नऊ ओढण्या उतरत होत्या. तिच्यावर लक्ष ठेवायला कुणी मागे राहिलं नव्हतं. कुणी वळूनही पाहत नव्हतं.